पंजाबी आपली कोण लागते?

ट्रुगानिना, मेलबर्न
९ फेब्रुवारी २०२५

दादा,

नमस्कार, तब्येत, घरचे सगळे बरे ना, हे सगळं विचारलं असं धर. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडले की शेजारपाजारचे कुंपणावरून डोकावतात, म्हणून कागद घेतलाय. फोटो काढून पाठवला असता, पण तो यतिनच्या हातून जाणार. मुलाला हे कळायला नकोय. अक्षराला नावं ठेवू नको. चौथीत शाळा सुटली तेव्हा जसं होतं तसंच आहे.

एकच विचारायचंय. पंजाबी भाषा आपल्या मराठीची कोण लागते?

हसू नको. कारण सांगते. रुचा साडेतीन वर्षांची झाली आणि नात बोलत नाही. म्हणजे पाणी म्हणते, नो म्हणते, कुत्रं दिसलं की भू म्हणते, पण दोन शब्द जोडत नाही. किंडरच्या, म्हणजे इथल्या बालवाडीच्या, बाईंनी यतिनला बाजूला घेऊन सांगितलं. मग आम्ही सगळे बोलण्याच्या डॉक्टरणीकडे गेलो. बाई चांगली होती, फतकल मारून जमिनीवर बसली, रुचाशी खेळली. घरात कोण काय बोलतं ते विचारलं. यतिन-अस्मिताची इंग्लिश आणि मराठीची खिचडी, माझी मराठी, आणि दुपारी आम्ही शेजारच्या गुरमीतकडे असतो तिथे पंजाबी. बाईने लिहून घेतलं आणि पुढची तारीख मेमधली दिली.

येताना गाडीत मी मागे, रुचाच्या शेजारी. पुढे अस्मिता म्हणाली, "तीन-तीन भाषा. पोरगी गोंधळणार नाही तर काय?" यतिन म्हणाला, "एक कमी करू या." तेवढ्यात गाडी मोठ्या रस्त्याला लागली. मी रुचाचं टोपडं नीट करत बसले.

आता तूच सांग, कुठली कमी होणार? इंग्लिश काढता येत नाही, देशच त्यांचा. पंजाबीला इथे लायब्ररीत कपाट आहे, शनिवारी वर्ग आहे, दुकानावर पाटी आहे. गुरमीतचा नातू शाळेतसुद्धा पंजाबी शिकतो. मराठीचं काय आहे? गणपतीत भाड्याने घेतलेला एक हॉल, आणि मी. कुणाला काढणार ते कळायला शाळा लागत नाही. आणि मराठी गेली की मी नातीशी कशात बोलू? मला दुसरं काय येतं? मग मी या घरात नुसत्या पोळ्या लाटायला.

पण परवा एक गंमत झाली. गुरमीत आणि मी मागच्या पायरीवर मटार सोलत होतो आणि रुचाला आकडे म्हणून दाखवत होतो. ती म्हणते इक्क, दो, तिन्न, चार, पंज. पुढे सत्त, अट्ठ. अरे, आपलेच आकडे! फक्त ती प्रत्येकाला एक चापट मारून बोलते. हाताला हत्थ, कानाला कन्न, दुधाला दुद्ध. पाणी तर पाणीच, आपल्यासारखा ण लावून. हिंदीवाल्यांसारखं पानी नाही.

म्हणून मला सुचलंय. तू शाळेत संस्कृत शिकवलंस. एका चांगल्या कागदावर सही करून लिहून दे, की मराठी आणि पंजाबी मुळात एकच आहेत. म्हणजे तिनाच्या दोन होतील आणि कुणालाच काढायला नको.

लवकर लिही. लांबण लावू नको.

सुची


भोर
२५ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुचे,

पत्र वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. इतकी वर्षं शिकवलं, पण "अमकी भाषा आपली कोण लागते" असं एकाही विद्यार्थ्याने विचारलं नाही. तू विचारलंस. चौथीत तुझी शाळा सोडवली हे फार वाईट झालं.

तुझ्या कानांना जे कळलं ते बरोबर आहे. संस्कृतात सप्त, हस्त, कर्ण. लोकांच्या तोंडी त्याचं झालं सत्त, हत्थ, कण्ण. या बोलींना प्राकृत म्हणतात. पुढे आपण ते जोडाक्षर सैल केलं आणि आधीचा स्वर लांबवला: सात, हात, कान. पंजाबीने मात्र ती चापट, तुझाच शब्द, आजवर तशीच ठेवली. म्हणजे गुरमीतबाई "सत्त" म्हणतात तेव्हा दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचं बोलणं तुमच्या मागच्या पायरीवर ऐकू येतं. मटार सोलताना! मला तर हेवा वाटला.

ण आणि ळ हेही खरं. हिंदीने ते बरेचसे घालवले, आपण आणि पंजाबीने राखले. काळा, फळ असे शब्द त्यांना म्हणायला लाव आणि नीट ऐक.

पण एकच आहेत असं मी लिहून देऊ शकत नाही. आपली मराठी महाराष्ट्री प्राकृताकडून आली. पंजाबी शौरसेनीकडून आली असं पुष्कळ जण मानतात. काही म्हणतात तिच्यात वायव्येकडच्या दुसऱ्याच बोलींचा मोठा भाग आहे. त्यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. आपल्याकडे तो, ती, ते अशी तीन लिंगं. पंजाबीत दोनच उरली. तेव्हा सख्ख्या बहिणी नव्हेत. चुलत म्हण फार तर.

सिंधी, डोगरी, गुजराती यांचंही सांगायचं आहे. ते पुढच्या पत्रात सविस्तर.

तुझा
दादा

ता. क. यतिन असा कुणाची भाषा काढून टाकणारा मुलगा वाटत नाही. पण तू तिथे आहेस, तुला जास्त माहीत.


ट्रुगानिना
१२ मार्च २०२५

दादा,

मी तुझ्याकडे कागद मागितला, तू पुस्तक पाठवलंस. सिंधी आणि डोगरीचं मला काय करायचंय? इथे तीन मिटत नाहीत, तू आणखी आणतोयस.

तरी तुझं मी गुरमीतला सांगितलं. म्हटलं, आपण चुलत बहिणी लागतो, माझ्या भावाने कळवलंय, तो मास्तर आहे. तिने मला पायरीवरच मिठी मारली. मटाराचं भांडं कलंडलं. म्हणाली, "लै, मैं तां पहिलां ही कहंदी सी!" म्हणजे हे ती आधीपासूनच म्हणत होती म्हणे. मग म्हणाली, तिची आई मुलतानकडची होती, फाळणीत भारतात आली, ती वेगळंच बोलायची. मी विचारलं, ती पंजाबीच ना? ती म्हणाली हो. आतून तिचा नवरा म्हणाला नाही, ती भाषाच वेगळी. मग दोघांचं जे जुंपलं! घ्या. त्यांच्या एका घरात ठरेना, आणि तुला विद्वानांचं पडलंय.

आणि घोड्याचं काय ते सांग. गुरमीत घोडा म्हणते तेव्हा घ कुठे जातो? कोडा म्हटल्यासारखं येतं, पण आवाज खाली विहिरीत जाऊन वर येतो. मी म्हणून बघितलं तर ती पोट धरून हसली. म्हणाली, भैणजी, तुमचा घोडा बसलेला आहे. चुलत बहिणीत एवढा फरक असतो का? मला तर आता काहीच कळेनासं झालंय. आकडे ऐकले की वाटतं आपलीच, घोडा ऐकला की वाटतं चीनची.

तू एक कर. अजून मागे जा. कितीही मागे जावं लागलं तरी चालेल, पण जिथे दोन्ही एक होत्या तिथे जाऊन पोच आणि तेवढंच लिहून दे. बाकीचं गाळ. मेमध्ये पुन्हा डॉक्टरणीकडे जायचंय, त्याच्या आत कागद इथे यायला हवा.

रुचाचं तसंच आहे. उलट किंडरवाल्यांनी आता कान तपासून आणायला सांगितलेत. म्हणतात ती हातवारेच करते, ऐकू येतं की नाही बघा. कान? फ्रिज उघडला तर वरच्या खोलीतून पळत येते. घरात दुपारी आता पुष्कळ शांत असतं. गुरमीतकडेही रोज जात नाही. रुचाला काय हवं ते ती बोटाने दाखवते, मी हाताने देते, काम होतं. मीपण हल्ली कमी बोलते.

सुची


भोर
२८ मार्च २०२५

प्रिय सुचे,

"मीपण हल्ली कमी बोलते" हे वाक्य तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, दुसऱ्या कुणाचं पत्र आलंय, पाकीट बघा. ऑस्ट्रेलियाची हवा चांगली मानवली म्हणायची!

घोड्याबद्दल तू विचारलंस ते उत्तम. पंजाबीत घ, झ, ध, भ यांतला हकार गळाला आणि त्याच्या जागी आवाजाची चढउतार आली. हे आपल्या भाषांमध्ये फार विरळा. पण म्हणून ती चीनची होत नाही. घोडा आपल्याच घराण्यातला, चाल तेवढी बदलली. मुलतानकडच्या बोलीचं म्हणशील तर नवरा-बायको दोघंही बरोबर आहेत. ती पंजाबीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद त्यांच्या घरापेक्षा मोठा आहे.

तू मागे जा म्हणालीस, म्हणून गेलो. प्राकृताच्या मागे संस्कृत, त्याच्या मागे वेदांची भाषा. ती सात नद्यांच्या मुलखात बोलली जायची, म्हणजे साधारण गुरमीतबाईंच्याच गावाकडे. तिथे मराठी नाही आणि पंजाबीही नाही, दोघींची आजी आहे. तिथे तुझं काम होऊन जातं.

पण सुचे, तिथून वाट आणखी मागे जाते. इराणची भाषा येऊन मिळते, मग ग्रीक, लॅटिन, आणि शेवटी इंग्रजीसुद्धा. सप्त, सत्त, सात आणि सेव्हन एकाच कुळातले. मातृ आणि मदर तसेच. म्हणजे तुझ्या म्हणण्याप्रमाणे लिहून द्यायचं तर तिनाच्या दोन होत नाहीत. तिनाची एकच होते. मग यतिन म्हणेल, सगळ्या एकच असतील तर इंग्लिशच बोलू की. या कागदाने तुझा घात होईल, म्हणून तो मी देत नाही.

कान तपासून घ्याच. माझ्या कानांकडे दुर्लक्ष झालं, तसं पोरीच्या व्हायला नको.

तुझा
दादा


ट्रुगानिना
१३ एप्रिल २०२५

ती. दत्तामामा,

मी यतिनची अस्मिता. तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. तुमची दोन्ही पत्रं मी वाचली. चोरून नाही. आईंनी ती माझ्यासमोर टेबलावर आपटली.

झालं असं. रुचाची हिअरिंग टेस्ट नॉर्मल आली. गेल्या आठवड्यात लॅबमधली माझी शिफ्ट लवकर संपली आणि मी न सांगता घरी आले. आई आणि रुचा किचनमध्ये होत्या. आई पोळी लाटत होत्या. रुचाने दोन बोटं तोंडाशी नेली, आईंनी दूध दिलं. रुचाने हात गोल फिरवला, आईंनी झाकण उघडून दिलं. तिने मान वाकडी केली, आईंनी कडेवर घेतलं. मामा, मी दारात उभी होते आणि दोघींपैकी कुणी एक शब्द बोललं नाही. इतकं सफाईने चाललं होतं की रोजचं आहे हे कळत होतं. आम्ही घरी असलो की आई आमच्याशी भरपूर बोलतात, भांडतातसुद्धा. त्यामुळे रुचाशी बोलत नाहीत हे आमच्या लक्षातच आलं नाही. फेब्रुवारीपासून!

मी विचारलं, "आई, हे काय चाललंय?" तर म्हणाल्या, "तुम्हीच म्हणालात ना एक कमी करायची? केली मी. आता मला काही बोलू नका." आणि तुमची पत्रं आणून आपटली. म्हणाल्या, "वाच. सख्खा भाऊपण नाही म्हणतो."

मामा, त्या दिवशी गाडीत यतिन जे म्हणाला ते इंग्लिशबद्दल होतं. आम्ही दोघं घरात सवयीने इंग्लिश फेकतो, ते कमी करून नीट मराठी बोलू, असं त्याच्या मनात होतं. माझ्यापण. एक वाक्य आणखी बोललो असतो तर हे झालं नसतं, पण फ्रीवेला लागलो आणि राहून गेलं. आणि ज्या आई कौन्सिलच्या माणसाला कचऱ्याचा बिन बदलून दे म्हणून मराठीत झापतात, त्या मागच्या सीटवरून "कुठली?" एवढं विचारू शकल्या नाहीत. याचं मला जास्त वाईट वाटतं. आम्ही त्यांना इथे कसं ठेवलंय, असा विचार येतो.

आम्ही दोघांनी समजावलं. त्यांना पटत नाही. म्हणतात, "आता कान तपासून झाले, पोरगी आणखी मागे गेली, म्हणून तुम्ही गोड बोलताय." अजूनही रुचाशी हातानेच बोलतात. स्पीचची अपॉइंटमेंट ६ मेला आहे. तुम्ही काहीतरी लिहा. तुमचं ऐकतील. प्लीज, प्राकृत नको.

तुमची
अस्मिता


भोर
२३ एप्रिल २०२५

सुचे,

अस्मिताचं पत्र मिळालं. तू एवढ्या लांबून मला हाक मारत होतीस आणि मी तुला वंशावळ पाठवत होतो. वहिनी दोन दिवस माझ्याशी धड बोललेली नाही.

यतिनवर विश्वास नाही, अस्मितावर नाही, माझा कागद तुला मिळणार नाही. मग उरली ती डॉक्टरीण. तिला विचार. यतिनकरवी नाही, स्वतःच्या तोंडाने. खानावळ चालवताना तू तहसीलदाराला पानावरून उठवलं होतंस. ही तर जमिनीवर बसून खेळणारी बाई आहे.

दादा


ट्रुगानिना
११ मे २०२५

दादा,

गेले. विचारलं.

यतिन तोंड उघडायच्या आत म्हटलं, "तू गप, मी बोलणार." मग त्या बाईला म्हटलं, "आय टॉक मराठी. रुचा. गुड? बॅड?" माझं एवढंच इंग्लिश, पण तिला बरोबर कळलं. ती खेळण्यातली गाय हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली गुड, व्हेरी गुड. मग भराभरा पुष्कळ बोलली, ते अस्मिताने सांगितलं. आजीने आजीच्या भाषेत बोलायचं. खूप बोलायचं. शेजारणीने तिच्या भाषेत बोलायचं. कुठलीच काढायची नाही, भाषा जास्त झाल्या म्हणून पोर मुकी राहत नाही. ज्याला जी चांगली येते ती त्याने बोलावी. आणि म्हणाली, घरात कुणी बोलायचं थांबलं होतं का?

तिथे मी खाली बघितलं. यतिन "नो वरीज, नो वरीज" करत बसला. त्याला इथे येऊन तेवढंच येतं.

मला राग कुणाचा आला सांगू? माझा नाही, त्यांचापण नाही. तुझा. तू पहिल्याच पत्रात लिहायचंस, सुचे, आधी विचार की कुठली काढतायत. पण तू पडलास सत्त आणि सातमध्ये. आणि मी तुला ते विचारलं कशाला, तर मला तेवढंच विचारायला जमलं. जाऊ दे. मला अजून नीट कळलेलं नाही हे सगळं झालं कसं. गुरमीतला सांगितलं तर ती अर्धं रडली, अर्धं हसली, आणि रुचाच्या तोंडात गूळ घातला.

आता पुढचं ऐक. घरी आल्याआल्या मी सुरुवात केली. कणीक मळताना, कपडे काढताना, अंघोळ घालताना. माझ्याकडे एवढं साठलं होतं. तिला भोरच्या पुलाचं सांगितलं, खानावळीतल्या मांजरीचं सांगितलं, तुझं सांगितलं, तुझ्या कानातल्या मशीनचं सांगितलं, ती शिट्टी मारते ते. रुचा पहिल्यांदा घाबरून बघत होती, जणू खुर्चीच बोलायला लागली. हात करून दाखवायची, दूध, झाकण. मी द्यायचे, पण बोलत द्यायचे. एक दिवस गेला, दोन गेले. अस्मिता म्हणाली, "आई, जरा श्वास घ्या." मी म्हटलं, डॉक्टरणीने सांगितलंय.

काल दुपारी मी तिला भात भरवत होते आणि गुरमीत समोर बसली होती. ती विचारते, "कुडी ने रोटी खाधी?" मी म्हटलं, खाल्ली, अर्धी टाकली, आता भात, आणि भात कसा असतो, आणि आमच्याकडे इंद्रायणीचा कसा चिकट, असं माझं चाललं होतं. तर रुचाने हातातला चमचा ताटात आपटला. माझ्या तोंडावर हात ठेवला, चांगला भाताने बरबटलेला. आणि म्हणाली,

"आजी, बस कर! माय टर्न!"

दादा, एवढे शब्द एका दमात! गुरमीत ओरडली, मी ओरडले. रुचा आमच्या दोघींवर डाफरली, कारण आम्ही पुन्हा मध्ये बोललो.

मग आम्ही गप्प झालो. आणि ती बोलली. कशाबद्दल ते विचारू नको. त्यात किंडरमधला कुणी मुलगा होता, त्याने काहीतरी हिसकावलं, एक कुत्रं होतं, आणि कोण पडलं कोण रडलं ते मला लागलं नाही. मधेच पाणी, मधेच नो, मधेच गुरमीतचं काहीतरी, मधेच नुसता आवाज. गुरमीतला थोडं कळलं, मला थोडं कळलं, दोघींचं मिळून निम्मंसुद्धा झालं नसेल. तोंडाला भात तसाच लागलेला. पुसला नाही. हूं हूं करत बसून राहिले.

सुची